पैसा जातो कुठे?

(गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी व्याख्याता नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून नोकरीला लागलेला साधा रेल्वेचा इंजिनियर आहे. इंजिनं दुरुस्त करतो. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘घरातली काटकसर’. ते हसले. म्हणाले, ‘‘साहेब, तो बायकांचा विषय झाला.’’ मी म्हटलं, ‘‘नेमकं तिथंच आपलं चुकतं. उधळपट्टी दोघांनी करायची आणि काटकसर मात्र एकटीनं!’’ म्हणून आज हा विषय. आणि हा विषय बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी यात एकदा सपशेल नापास झालो आहे. आधी त्या नापास होण्याची गोष्ट सांगतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये सातव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली, हे इथल्या नोकरदारांना आठवत असेल. एकरकमी पैसा आला की माणसाला वाटतं, आपण आता नेहमीच असे श्रीमंत राहणार. दसऱ्याला मी मोटार घेतली. सहा लाख चाळीस हजारांची. थकबाकी आणि शिल्लक मिळून एक लाख चाळीस हजार भरले, बाकी पाच लाखांचं कर्ज. हप्ता साडेदहा हजार. मग मोटार आली तशी मोठी टीव्ही आली, दोन दारांचा फ्रीज आला. त्यांचा हप्ता बेचाळीसशे. शिवाय क्रेडिट कार्ड होतंच. पगारातून सगळी कपात होऊन हातात येत चव्वेचाळीस हजार. त्यातले सतरा हजार सातशे रुपये महिन्याची पहिली पोळी लाटायच्या आधीच गेलेले असत. उरलेल्या सव्वीस हजारांत घर चालायचं आणि पंचवीस तारखेला पुन्हा कार्ड बाहेर निघायचं. बाहेरून सगळं झकपक. कॉलनीत लोक म्हणत, ‘साहेबांचं छान चाललंय.’

फेब्रुवारी २०१८ मधला एक शनिवार. रात्री दहाला वर्ध्याहून बहिणीचा फोन. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला होता, दवाखान्यात दाखल केलं होतं, आणि साठ हजार ताबडतोब भरायचे होते. वडील एस.टी.मधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या ठेवी बँकेत होत्या, पण शनिवारच्या रात्री त्यांचा काय उपयोग? ते माझ्या रेल्वेच्या वैद्यकीय सवलतीत बसत नव्हते. मी एटीएमकडे धावलो. खात्यात अठरा हजार. कार्डाची मर्यादा आधीच संपलेली. सौ.नं डाळीच्या डब्यातून चार हजार काढून दिले. बावीस हजार झाले. दारात सहा लाखांची मोटार उभी, आणि बापासाठी अडतीस हजार रुपये नाहीत!

आमच्या कॉलनीत एक ट्रॅकमन राहत. माझ्या खात्यातले नव्हेत, पी-वेमधले. छत्तीसगढी माणूस. सगळी कॉलनी त्यांना ‘कका’ म्हणते, म्हणजे आपल्याकडचे काका. आमची धावपळ बघून ते स्वतःच दारात आले. ऐकून घेतलं, परत गेले आणि दहा मिनिटांत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले चाळीस हजार घेऊन आले. पोस्टातली त्यांची आर.डी. नुकतीच पिकली होती. गावच्या घराचा स्लॅब पावसाआधी टाकायचा म्हणून ते पैसे काढून ठेवले होते. माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘पइसा ह बखत बर होथे, साहब.’’ पैसा वेळेसाठीच तर असतो. ना कागद, ना सही, ना व्याज.

मी रात्रीच्या गाडीनं वर्ध्याला गेलो. वडील वाचले. पण पुढचं बिल भरलं ते त्यांनीच, स्वतःच्या ठेवी मोडून. मुलगा इंजिनियर, आणि बिल भरतो निवृत्त मेकॅनिक! बरे झाल्यावर त्यांनी मला रागावून नाही, अगदी सहज विचारलं, ‘‘बाळ, माझ्या आख्ख्या नोकरीत मी बघितला नाही एवढा पगार तू महिन्याला घेतोस. मग पैसा जातो कुठे?’’

मित्रहो, मला उत्तर देता आलं नाही. इंजिन वीज किती खातं हे मी सांगू शकत होतो, पण माझं घर पैसा किती खातं हे मला माहीत नव्हतं.

वही

परत आल्यावर मी ककांना विचारलं, ‘‘तुमचा पगार माझ्या निम्म्याहून कमी. तुम्हाला कसं जमतं?’’ त्यांनी एक खिशातली डायरी दाखवली. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पहिली फेरी पोस्टात, मगच किराणा. बस्स, एवढंच तंत्र. आपण खर्च करून उरेल ते शिल्लक टाकतो आणि उरत काहीच नाही. कका शिल्लक टाकून उरेल ते खर्च करतात.

आम्ही एक मार्चपासून वही घातली. नियम एकच: रुपया गेला की त्याच दिवशी लिहायचा, आणि कुणी कुणाला रागवायचं नाही. हा दुसरा नियम फार महत्त्वाचा आहे. वही ही एकमेकांवर खटला भरण्यासाठी नसते. महिनाअखेरीस बेरीज केली. बाहेरचं खाणं एकतीसशे पन्नास. मोटारीनं हाकेच्या अंतरावरच्या फेऱ्या, त्यांचं पेट्रोल चोवीसशे. आणि ‘आठवत नाही’ या सदरात एकोणतीसशे रुपये! ते माझ्याच खिशातून गेलेले. सौ.चा हिशेब पैशाला पैसा जुळत होता.

कार्डाचं गणित तर मी मांडलंच नव्हतं. साठ हजार थकलेले. दरमहा तीन टक्क्यांनी व्याज अठराशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी तीनशे चोवीस. म्हणजे एकवीसशे चोवीस रुपये. मी दर महिन्याला ‘कमीत कमी रक्कम’ म्हणून तीन हजार भरून निर्धास्त होत होतो. त्यातले कर्जात जात होते फक्त आठशे शहात्तर.

सौ. बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘अहो, मोटार विकू या.’’

‘‘लोक काय म्हणतील?’’

‘‘लोक त्या रात्री चाळीस हजार घेऊन आले नव्हते. कका आले होते. त्यांचा स्लॅब राहिलाय.’’

एप्रिलमध्ये मोटार विकली. साडेचार लाख आले. बँकेचे सुमारे पावणेचार लाख फिटले. हाती पंचाहत्तर हजार राहिले. त्यातले चाळीस हजार त्याच संध्याकाळी ककांच्या घरी पोचवले, पस्तीस हजार कार्डात भरले. उरलेलं कार्ड दिवाळीपर्यंत संपवलं आणि कात्रीनं कापलं. ककांचा स्लॅब मे महिन्यात पडला. आम्ही दोघं स्कूटरवरून जाऊन जेवून आलो.

इंजिनाकडून शिकलेलं

आता थोडं माझ्या धंद्यातलं. चांगला लोको पायलट गाडी कशी चालवतो? पुढचं स्टेशन येणार हे त्याला माहीत असतं. तो आधीच पॉवर बंद करतो आणि गाडी तिच्या वेगावर घरंगळू देतो. याला आम्ही ‘कोस्टिंग’ म्हणतो. कच्चा गडी शेवटपर्यंत पॉवर देतो आणि मग करकचून ब्रेक लावतो. ब्रेक म्हणजे काय? आधी पैसे मोजून मिळवलेला वेग उष्णता करून हवेत सोडून देणं. आपल्या घरीही वीस तारखेपर्यंत पॉवर आणि एकविसाव्या तारखेला ब्रेक, असंच चालतं.

दुसरी गोष्ट. आमची थ्री-फेज इंजिनं, उदाहरणार्थ डब्ल्यू.ए.जी.-९, उतारावर ब्रेक लावताना त्यांच्या मोटारीच जनरेटरचं काम करतात आणि वीज परत वरच्या तारेत पाठवतात. हे शिकलो तेव्हा मला आमची आजी आठवली. जुन्या लुगड्यांची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, तेही विरलं की चुलीजवळचं फडकं. दूध तापवलं की साय, सायीचं विरजण, त्याचं लोणी आणि ताक, लोण्याचं तूप आणि शेवटी बेरीत साखर घालून नातवंडांच्या हातावर. वापरलेलं परत कामाला लावायचं, हे तंत्र आजीला कुणी शिकवलं नव्हतं.

विजेचं बिल

रेल्वे क्वार्टरमध्ये विजेचे पैसे पगारातून कापले जातात, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाहीत. मी घरचा मीटर रोज सकाळी एकाच वेळी बघून कॅलेंडरवर आकडा लिहू लागलो. कसं मोजायचं ते सांगतो, कारण हे शाळेत शिकून आपण विसरलो आहोत. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. दर तुमच्या बिलाप्रमाणे धरा. मी सोयीसाठी सहा रुपये धरतो.

जुना पंखा साधारण पंचाहत्तर वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा पूर्ण वेगावर तीसच्या आसपास. फरक पंचेचाळीस वॅटचा. रोज पंधरा तास पंखा चालला तर महिन्याला वीस युनिट, म्हणजे एकशे वीस रुपये. आपल्याकडे पंखा वर्षातले नऊ महिने फिरतो. वर्षाला हजार ऐंशी रुपये. पंखा तीन हजारांचा असेल तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. पण हे गणित बैठकीच्या किंवा झोपायच्या खोलीतल्या पंख्याचं आहे. पाहुण्यांच्या खोलीत दिवसाला एक तास फिरणारा पंखा बदलू नका, तो खर्च चाळीस वर्षांतही वसूल होणार नाही! आधी काय जास्त वेळ चालतं ते बघा, मग बदला.

जुन्या चोकची ट्यूब चाळीस वॅटची म्हणतात, पण चोक धरून पन्नासच्या वर जाते. एलईडीची पट्टी वीस वॅटमध्ये तेवढाच उजेड देते. माझ्या घरचा टीव्हीचा डबा, रिमोटनं बंद केल्यावरसुद्धा नऊ वॅट घेत होता. दिवसाचे वीस तास तो असाच बसलेला. महिन्याला साडेपाच युनिट कशासाठी? तर लाल दिवा बघण्यासाठी. आता मुख्य बटण बंद करतो.

पाणी तापवण्याचं गणित साधं आहे. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे पाऊण नव्हे, अर्ध्याहूनही थोडी कमी युनिट वीज लागते. मग गिझरचं बिल फुगतं कशानं? साठ अंशांवर तापवून त्यात तेवढंच थंड पाणी मिसळण्यानं आणि ‘असू दे चालू’ म्हणण्यानं. जेवढं हवं तेवढंच तापवा आणि बटण बंद करून मगच आंघोळीला जा. सुरक्षेच्या दृष्टीनंही तेच बरं.

उन्हाळ्याचं बोलायचं तर आपल्या भिलाईत मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो. पण हवा कोरडी असते, म्हणून कूलर उत्तम चालतो आणि तो साधारण दोनशे वॅटमध्ये भागतो. दीड टनाचा एसी पंधराशेच्या आसपास घेतो. पाऊस पडला, हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो, कारण पाणी वाळेल तरच गारवा मिळतो. तेव्हा हवा तर एसी लावा, पण चोवीस-पंचवीसवर, वर पंखा सोडून. अठरावर लावून पांघरूण घेणं ही काही चैन नव्हे, तो वेडेपणा.

एक इशारा विद्युत विभागाचा माणूस म्हणून देतो. वायर, प्लग, एमसीबी आणि गॅसची नळी यांत कधीही पैसे वाचवू नका. आयएसआय चिन्ह बघून घ्या. वीस रुपये वाचवलेल्या प्लगनं घर पेटतं.

स्वयंपाकघर

इथं मी सौ.चा विद्यार्थी आहे. सिलिंडर लावला की तारीख कॅलेंडरवर लिहिण्याची पद्धत आपल्या घरोघरी आहे. पण लिहून पुढं काय? आम्ही ती तारीख वाचायला लागलो. आमचा सिलिंडर एकतीस दिवस जात होता, तो चाळीस दिवसांवर गेला. केलं काय? चणे, राजमा रात्री भिजत घातले. भांड्यावर झाकण ठेवलं. उकळी आली की आच कमी केली. यात शास्त्र आहे. उघड्या भांड्यात पाणी उकळू लागलं की ते शंभर अंशांच्या वर जात नाही; आच कितीही मोठी करा, पाणी फक्त जास्त वाफ होऊन उडतं, बटाटा लवकर शिजत नाही. कुकरमध्ये दाबामुळे पाणी एकशे वीस अंशांच्या जवळ जातं, म्हणून लवकर शिजतं. आणि कुकरची पहिली शिट्टी झाली की तिथंही आच बारीक.

दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, कोबीच्या दांड्याची कोशिंबीर, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी हे आपण जाणतोच. कोंड्याचा मांडा करणारी आपली माणसं. पण ज्या मातीत आपण राहतो तिच्याकडूनही शिकावं. इथं घरोघरी बोरे-बासी खातात. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी कांदा, मिरची, मीठ, असल्यास दही. उन्हात राबणाऱ्या माणसाला पोटभर आणि गार. आम्ही आधी नाकं मुरडत होतो. आता मे महिन्यात आमच्या घरी आठवड्यातून दोनदा होते. तशीच इथली भाजी: लाल भाजी, चेच भाजी, हिवाळ्यात तिवरा भाजी. ऋतूत पॉवर हाऊसच्या बाजारात स्वस्त आणि ताजी मिळते. नागपूर-पुण्याकडच्या चवीचा हट्ट धरून बिनहंगामी भाजी महाग घ्यायची आणि मग महागाईच्या नावानं ओरडायचं, यात काही अर्थ नाही.

शिल्लक कुठे आणि का

वडिलांच्या काळी एक सोय होती. १९८८ मध्ये किसान विकास पत्र निघालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर बारा टक्के व्याज होतं. एक सोपी युक्ती सांगतो: बहात्तरला व्याजाच्या दरानं भागा, पैसा दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. बारा टक्क्यांनी सहा वर्षं. सात टक्क्यांनी दहा वर्षांहून थोडी जास्त. आता हीच युक्ती उलटी लावा. कार्डाचं व्याज वर्षाला छत्तीस टक्के धरलं तर बहात्तर भागिले छत्तीस, दोन वर्षं! न फेडलेलं कर्ज दोन वर्षांत दुप्पट. म्हणून महाग कर्ज फेडणं ही सर्वांत मोठी बचत. एका हातानं सात टक्क्यांची ठेव ठेवायची आणि दुसऱ्या हातानं छत्तीस टक्के भरायचे, हे मी केलं आहे; तुम्ही करू नका.

आणखी एक. रेल्वेत १ जानेवारी २००४ पासून लागलेल्या आमच्या पिढीला जुनी पेन्शन आपोआप नाही. पगारातून दहा टक्के एनपीएसमध्ये जातात आणि सरकार आपला वाटा घालतं. २०२५ पासून युनिफाइड पेन्शनचा पर्यायही आला. कोण कशात आहे त्यानं आपापला हिशेब समजून घ्यावा. पण आपल्या वडीलधाऱ्यांसारखं ‘म्हातारपणाचं सरकार बघेल’ म्हणून निवांत राहण्याची चैन आम्हाला परवडणारी नाही.

आमच्या घरी क्रम असा ठरला. पहिलं, तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात. तिचं नाव आम्ही ‘शनिवारची रात्र’ ठेवलं आहे. तिला सणाला, लग्नाला, सेलला हात लावायचा नाही. दुसरं, महाग कर्ज फेडणं. तिसरं, विमा. चौथं, लांबची बचत. आणि आर.डी.चे पैसे पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप कापले जातात. मघाशी म्हणालो ना, जे कापलं जातं ते दिसत नाही. वीजबिलात तो तोटा होता, बचतीत तोच फायदा.

काटकसर कुठं थांबवावी

आता शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. मी दुसऱ्यांदाही नापास झालो, ते सांगतो.

वहीची मला नशा चढली. दर महिन्याला आकडा खाली आला पाहिजे. कुणी काही मागितलं की मी म्हणायचो, ‘‘खरंच गरज आहे का?’’ प्रश्न चांगला आहे, पण तो किती वेळा आणि कुणाला विचारायचा याचं भान पाहिजे. २०१९ साली मुलगी पाचवीत होती. पालकसभेला गेलो तर बाई म्हणाल्या, ‘‘हिला फळ्यावरचं दिसत नाही. चार महिने शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते आहे. तुम्हाला सांगितलं नाही का?’’ घरी येताना स्कूटरवर मागं बसलेल्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘बाबा, चष्म्याला पैसे लागतात ना. वहीत लिहावे लागले असते.’’

मी स्कूटर बाजूला घेतली. पुढं काही वेळ मला गाडी चालवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मा आला. आणि त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर आम्ही तिघांनी मिळून लिहिलं: प्रकृती, शिक्षण आणि सुरक्षितता यांत काटकसर नाही. शेडमध्ये इंजिनाची तपासणी वेळापत्रकानं होते. ट्रिप झाली की तपासणी, मग आय.ए., आय.बी., आय.सी., पुढं ए.ओ.एच. आणि पी.ओ.एच. आज इंजिन बरं धावतंय म्हणून कुणी शेड्यूल चुकवत नाही. चुकवलं तर ते भर जंगलात बंद पडतं. माणसांचं शेड्यूल मात्र मी चुकवलं होतं. कंजूष माणूस आजचा खर्च उद्यावर ढकलतो आणि उद्या तो दामदुपटीनं येतो. काटकसरी माणूस नको त्या जागचा पैसा उचलून हव्या त्या जागी ठेवतो. दोघांच्या वह्या सारख्याच दिसतात. फरक घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर कळतो.

आज ती मुलगी दहावी होऊन पुढं गेली आहे. वही आता तीच लिहिते. त्यात तिनंच एक सदर वाढवलं, ‘देणं’. इथं पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. मुलं दारोदार धान मागतात आणि गरिबातला गरीबही ओंजळभर धान घालतो, रिकाम्या हातानं कुणी पाठवत नाही. तिचं म्हणणं असं की वर्षभर जपून वापरायचं ते कोठीतून ओंजळ भरताना हात आखडू नये म्हणून. मला यापेक्षा चांगली व्याख्या सापडलेली नाही.

आपल्या मंडळालाही विनंती आहे. मखर दरवर्षी नवं करण्याऐवजी घडीचं करू या, रोषणाई एलईडीची करू या, आणि वाचलेल्या वर्गणीची एक ‘शनिवारची रात्र’ मंडळाच्या खात्यातही ठेवू या. परक्या मुलखात आलेल्या एखाद्या नव्या मराठी कुटुंबावर, किंवा आपल्या कुणा छत्तीसगढी शेजाऱ्यावर, रात्री दहाला फोन येण्याची वेळ आली तर त्याला दाराबाहेर उभं राहावं लागू नये.

कका आता निवृत्त होऊन गावी राहतात. त्या स्लॅबखाली. आज मुद्दाम त्यांना बोलावलं आहे, ते तिकडं मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना मराठी फारसं कळत नाही, म्हणून मी काय बोललो ते त्यांना उमगलं नसेल. आरतीनंतर त्यांना नमस्कार करूनच प्रसाद घ्या, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!